मराठीच्या तासाला मुलांनी खरंच वाचावं म्हणून काय काय करता येतं

सगळ्यात आधी एक करा. मोबाईल टेबलावर ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि रोजच्यासारखा मराठीचा तास घ्या. ते कोणाला दाखवायचं नाहीये, ग्रुपवर टाकायचं नाहीये, संध्याकाळी घरी भाजी निवडता निवडता नुसतं ऐकायचंय. ऐकताना आवाज कसा लागला, शिकवलं कसं, असलं काही बघत बसू नका. एकच बघा, ३५ मिनिटांच्या तासिकेत एकेका मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी किती ओळी वाचल्या.

बहुतेक वर्गांचा हिशेब साधारण असा निघतो. पाचेक मिनिटं हजेरी, वही का नाही आणली, खिडकीतून काय बघतोयस वगैरे. मग बाईंनी नाहीतर सरांनी पाठ वाचून दाखवला, छान आवाजात, मध्ये मध्ये शब्दार्थ सांगत. मग प्रश्न, आणि प्रश्न विचारला की वर्ग गप्प, आणि ती शांतता आपल्यालाच सहन होत नाही म्हणून उत्तरही आपणच देऊन मोकळे. (मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात हे मोजलं होतं, प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि मोठी उत्तरं देतात. रेकॉर्डिंग ऐकताना मनात एक-दोन-तीन म्हणून बघा, तीन सेकंद किती लांब असतात ते कळेल.) उरलेल्या वेळात प्रकट वाचन, म्हणजे पहिला परिच्छेद तू, पुढचा तू, त्याच्या पुढचा ती. वर्गात ४० मुलं असतील आणि प्रत्येकाला अर्धं मिनिट दिलं तरी २० मिनिटं गेली, आणि त्या २० मिनिटांत एकेक पोर फक्त अर्धं मिनिट वाचतं. बाकीची काय करतात? आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते मोजत बसतात, आणि आपलं वाचून झालं की सुटले.

म्हणजे ‘हल्लीची मुलं वाचतच नाहीत’ असं आपण शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, एकमेकांना सांगतो खरं, पण ज्या एका जागी त्यांना वाचायला बसवता येतं तिथे आपण त्यांना ऐकायला बसवलेलं असतं. घरी मोबाईल आहे, टीव्ही आहे, शेतातली कामं आहेत, धाकटं भावंड सांभाळायचंय, तिथे वाचन होईल ही आशा सोडा. वेळ काढायचा तो तासिकेतूनच, आणि हे जमलं नाही तर खाली लिहिलेलं बाकी काही करून उपयोग नाही.

वेळ कुठून काढायचा

आठवड्यातल्या निदान चार तासिकांची पहिली पंधरा मिनिटं वाचनाला द्या. पहिली बरं का, शेवटची नाही, कारण शेवटची पंधरा मिनिटं कधीच उरत नाहीत, कुठली तरी माहिती ऑनलाइन भरायची निघते, नाहीतर खिचडीची घंटा होते. घंटा झाली की मुलांनी आपलं पुस्तक काढायचं आणि वाचायचं, बस. आणि तुम्हीही वाचायचं. वह्या तपासायच्या नाहीत, हजेरी भरायची नाही, मोबाईल बघायचा नाही. आपण खुर्चीत बसून पुस्तक वाचतोय हे बघून पहिल्या आठवड्यात मुलं हसतात, कोणीतरी विचारतं ‘बाई तुमची पण परीक्षा हाय का’, नंतर सवय होते.

मुख्याध्यापक विचारणार, अभ्यासक्रम कसा पूर्ण होणार. त्यांना सांगायचं की पाठ मोठ्याने वाचून दाखवणं बंद केलंय, तिथला वेळ इकडे घेतलाय. पाठ मुलांनी जोडीने वाचायचा, एक वाचेल दुसरा बोट ठेवून ऐकेल, मग अदलाबदल. वर्गात एकाच वेळी वीस आवाज येतात, बाहेरून जाणाऱ्याला गोंधळ वाटतो, पण दहा मिनिटांत प्रत्येकाचं पाच मिनिटं वाचून होतं. अर्ध्या मिनिटाच्या दहापट. केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला की ते फारसं काही बोलत नाहीत असा अनुभव आहे.

कपाटाची किल्ली

पुस्तकं जवळजवळ प्रत्येक शाळेत असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकं हवीत. ती येतातही, गठ्ठा येतो, साठा नोंदवहीत नोंद होते, आणि कपाटाला कुलूप लागतं. कारण पुस्तक हरवलं की भरून कोण देणार ही धास्ती. ही धास्ती खोटी नाहीये, पण मुख्याध्यापकांशी एकदा स्पष्ट बोलून घ्या. पुस्तकं वापरली तर काही फाटणार, काही हरवणार, त्याचं रीतसर निर्लेखन करता येतं, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करता येतात, आणि पाच वर्षांनी कोरी करकरीत पुस्तकं वाळवीने खाल्लेली निघण्यापेक्षा ते बरं.

मग ती पुस्तकं कपाटातून वर्गात आणा. कपाटातच ठेवून ‘ज्याला हवं त्याने मागावं’ म्हटलं तर कोणी मागत नाही, सहावीच्या पोराला बाईंकडे जाऊन पुस्तक मागणं म्हणजे फार मोठी गोष्ट असते. भिंतीला दोन खिळे, मध्ये सुतळी, आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. पुस्तक मधोमध उघडून टांगायचं, मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे. फळीवर ओळीने लावलं की नुसता कणा दिसतो, आणि पातळ बालपुस्तकाला तर कणाही नसतो, तिथे दोन पिना असतात. सुतळीवरची पंधरा-वीस पुस्तकं दर सोमवारी बदला. तीच पुस्तकं महिनाभर लटकली की ती भिंतीचा भाग होऊन जातात.

आता कुठली पुस्तकं. माझं मत सांगते, पटलं तर घ्या. थोर पुरुषांची चरित्रं आणि तात्पर्यवाल्या गोष्टी आपल्या कपाटांत गरजेपेक्षा जास्त आहेत. मुलं हात लावतात ती चित्रं मोठी असलेली, भुताची, प्राण्यांची, विनोदी, विज्ञानाचे प्रयोग असलेली, आणि क्रिकेटबद्दल काहीही. पाचवी-सहावीला बत्तीस पानांच्या वर जाडी दिसली की पोरं मागे सरकतात, तेव्हा सुरुवातीला पातळच ठेवा, पुस्तक संपवल्याचा आनंद आधी मिळू द्या.

पैसे नसतील तरी अडत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. त्यातली दोन-तीन पानांची एकेक गोष्ट प्रिंट काढून, मागे जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा लावून स्टेपल केली की झालं पुस्तक. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर नावाची वेबसाइट आहे, २०१५ पासून, त्यावर मराठीत भरपूर गोष्टी आहेत, डाउनलोड करायला, प्रिंट काढायला परवानगी मागावी लागत नाही, आणि गोष्टींना पातळ्या दिलेल्या आहेत १ ते ४, हे फार कामाचं, का ते पुढे सांगते. पेपरातली रविवारची बालपुरवणी कापून ठेवा. आणि वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटायची पद्धत आहे ना, पालकसभेत सांगून बघा की चॉकलेटऐवजी वर्गाला एक पुस्तक द्या, आतल्या पानावर मुलाचं नाव लिहू. सगळे देत नाहीत. देणाऱ्यांच्या पोरांना मात्र ते नाव चार जणांना दाखवायचं असतं, त्यामुळे ते पुस्तक वर्गभर फिरतं.

ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय

हा खरा प्रश्न आहे आणि इथेच बहुतेक वाचन उपक्रम फसतात, कारण उपक्रम वाचता येणाऱ्यांसाठी असतो. असर म्हणजे ‘प्रथम’ संस्थेचं ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताचं सर्वेक्षण, त्याच्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे आपल्यासमोर बसलेल्या दोन पोरांपैकी साधारण एकाला पाचवीचं पुस्तक झेपत नाही, आणि आपण त्याला पाठाखालचे स्वाध्याय सोडवायला सांगतोय. मुलांना पायाभूत वाचन आणि गणित यावं म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं ते तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी. जी मुलं कोरोनाच्या काळात पहिली-दुसरीत होती आणि तशीच वर सरकत आली, त्यांच्यासाठी वेगळं कोणी येणार नाहीये, ते तुम्हा-आम्हालाच करायचंय.

जूनमध्ये एकेका मुलाला व्हरांड्यात बोलवा, एकट्याला, वर्गासमोर अजिबात नाही. असरची पद्धत चांगली आहे, आधी पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद द्यायचा, तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, परिच्छेद नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. मुलामागे तीन-चार मिनिटं लागतात. आपल्या वहीत चार रकाने करून नावं लिहायची, आणि ही वही मुलांना दिसू द्यायची नाही.

इथे स्टॉपवॉच काढू नका. निपुणच्या लक्ष्यांत तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द असं दिलंय, आणि तिथेच ‘अर्थासह’ असंही आहे, पण मोजायला सोपे ते शब्द म्हणून सगळे शब्दच मोजत बसतात. मग पोरं रेल्वेसारखी धडधडत वाचतात आणि शेवटी विचारलं की गोष्टीत कोण होतं, तर आढ्याकडे बघतात.

वाचताना प्रत्येक चूक दुरुस्तही करू नका. आमच्या बीडकडचं पोर ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतं, ‘नाही’ला ‘न्हाई’ वाचतं. ती चूकच नाही, उलट शब्द बघून त्याचा अर्थ लागला आणि तो त्याने आपल्या बोलीत म्हटला, याच्यापेक्षा चांगला पुरावा काय पाहिजे. तांड्यावरच्या, म्हणजे बंजारा वस्तीवरच्या मुलांची घरची भाषा गोरमाटी, त्यांना ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळा हे छापील अक्षरावरून कळायला काही मार्गच नाही, ते ऐकूनच कळतं, तेव्हा तिथे न ओरडता आपण एकदा तो शब्द म्हणायचा आणि पुढे जायचं. थांबवायचं ते अर्थ बदलला तरच. रफार आणि जोडाक्षरं मात्र वेगळी घ्यावी लागतात, ‘सूर्य’, ‘पर्वत’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द, रोज पाचच, फळ्याच्या कोपऱ्यात. ‘र’ ची ही सगळी रूपं म्हणजे मराठी वाचणाऱ्या पोराची सगळ्यात मोठी अडचण असं माझं मत झालंय.

आता महत्त्वाचं. सातवीच्या मुलाला दुसरीच्या पातळीचं पुस्तक द्यायचं कसं? सरळ हातात दिलं तर तो मरेल पण वाचणार नाही, शेजारचा बघतोय ना. म्हणून त्याला काम द्यायचं, ‘शुक्रवारी पहिलीच्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवायचीय, तू जाशील का? तयारी करावी लागेल हां.’ आता सोपं पुस्तक घेऊन बसायला त्याला कारण मिळालं, आणि तयारी म्हणजे तेच पुस्तक पाच-सहा वेळा वाचणं, जे त्याला हवंच होतं. स्टोरीवीव्हरच्या पातळ्या कामाला येतात त्या इथे.

असा एक मुलगा होता आमच्याकडे, मागच्या बाकावरचा, दांडगा, मराठीच्या तासाला कायम पोट दुखणारा. पुस्तक दिलं होतं पातळी २ चं, पानावर दोन-तीन ओळी, म्हशीची गोष्ट. सोमवारी तो ‘व्यायली’ शब्दाशी अडला. व्य म्हटलं, मग या, मग थांबला, परत व्य. मी काही बोलले नाही. चित्राकडे बघितलं त्याने, चित्रात म्हशीजवळ रेडकू, आणि एकदम म्हणाला ‘आरं, याली!’ आणि हसला. शुक्रवारी पहिलीच्या पोरांसमोर पुस्तक उलटं धरून, म्हणजे चित्रं त्यांच्याकडे आणि ओळी वरून वाकून वाचायच्या, असं वाचत होता, आणि म्हैस व्याल्यावर खरवस कसा करतात ते पुस्तकात नव्हतं तरी पाच मिनिटं सांगितलं. पोरं सोडेनात त्याला.

वाचून दाखवणं आणि नंतरचे प्रश्न

पाठ वाचून दाखवू नका म्हटलं, पण गोष्ट जरूर वाचून दाखवा. दिवसाची शेवटची दहा मिनिटं, दप्तरं भरून झाल्यावर, एखादी मोठी कादंबरी क्रमशः. आधी घरी एकदा वाचून जा आणि कुठे थांबायचं ते पेन्सिलने खूण करून ठेवा. पोरगं विहिरीत डोकावतं आणि खालून कोणीतरी हाक मारतं, मिटलं पुस्तक. ‘बाई म्होरं काय झालं सांगा की’, नाही सांगायचं. पुस्तक टेबलावर ठेवून स्टाफरूममध्ये जायचं. दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांनी मधल्या सुट्टीत पुढची पानं वाचून काढलेली असतात आणि ती बाकीच्यांना सांगू का नको अशी त्यांची भांडणं लागतात. त्यांना रागवू नका.

पुस्तक संपलं की आपला हात आपोआप प्रश्नांकडे जातो. तात्पर्य काय, तुम्ही काय शिकलात, आवडलेलं पात्र कोणतं ते दहा ओळींत लिहा. हे सगळं बंद. पुस्तक परीक्षणाचा छापील तक्ता भरायला लावणं हा तर वाचनाचा सूड आहे. मुलाला एकदा कळलं की प्रत्येक पुस्तकामागे एक पान लिहावं लागतंय, की ते सगळ्यात पातळ पुस्तक शोधतं आणि मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून देतं. त्यापेक्षा गप्पा मारा, आणि गप्पांची सुरुवात ‘कुठं कंटाळा आला?’ इथून करा. बाई कंटाळ्याबद्दल विचारतायत म्हटल्यावर पोरं खरं बोलायला लागतात. आणि कंटाळा आला तर पुस्तक अर्धवट सोडून सुतळीवर परत लावायला परवानगी हवीच, आपण मोठी माणसं सोडत नाही का.

कागदोपत्री पुरावा लागतोच, तर एक शंभर पानी वही सुतळीखाली टांगून ठेवा. नाव, पुस्तक, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात एकच खूण, आवडलं, ठीक, सोडून दिलं. मुलं स्वतः भरतात. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी लिहायला हीच वही पुरते, ‘वाचनाची आवड आहे’ असं ४० जणांसमोर एकसारखं लिहिण्यापेक्षा ‘प्राण्यांच्या गोष्टी आवडीने वाचतो, मोठं पुस्तक अर्धवट सोडतो’ असं लिहिता येतं. दर पंधरा दिवसांनी वही चाळा, कोणाचं नाव महिनाभर आलंच नाही तेवढं बघा आणि त्या मुलाजवळ जाऊन बसा.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, डॉ. कलामांचा जन्मदिवस. त्या दिवशी अख्खी शाळा मैदानात पुस्तक घेऊन बसते, फोटो निघतात, जरूर काढा, वर पाठवावे लागतात. फक्त त्या दिवशी मुलांच्या हातात पाठ्यपुस्तक नको, त्यांचं त्यांनी निवडलेलं सुतळीवरचं पुस्तक असू द्या.

दिवाळीनंतर आणि मे महिन्यात

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे निम्मे आईबाप ऊसतोडीला जातात, काही पोरं सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, बरीचशी आजी-आजोबांकडे. आजीकडे राहणाऱ्या पोराला गोष्ट घरी द्या आणि सांगा, आजीला वाचून दाखव. आजीला वाचता येत नसतं, म्हणून ती चुका काढत नाही, आणि ऐकताना ‘आगं बया’ म्हणते, आपल्या वर्गात असला श्रोता मिळत नाही. दुसऱ्या दिवशी ‘आजी काय म्हणली’ एवढंच विचारायचं. जी पोरं कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपड्यांवर, जातात त्यांच्या पिशवीत चार-पाच प्रिंटवाल्या गोष्टी प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, छापील पुस्तक नको, कारण पावसाचं आणि उसाच्या पाचटाचं काही सांगता येत नाही. त्या परत मागू नका.

मे महिन्याची सुट्टी लागायच्या आधी सुतळीवरची सगळी पुस्तकं वाटून टाका, मुलामागे दोन-दोन, शक्यतो शेजारी राहणाऱ्यांना वेगवेगळी, म्हणजे अदलाबदल होते. वहीत लिहून घ्या. जूनमध्ये ज्यांची येतील ती मोजा, ज्यांची नाही आली त्यांना एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको, नाहीतर पुढच्या वर्षी ते पोर पुस्तक घ्यायलाच घाबरेल. फाटलेल्यांना पारदर्शक चिकटपट्टी लावा, मुलांकडूनच लावून घ्या, आणि जी गेली ती गेली म्हणून यादी करून मुख्याध्यापकांकडे निर्लेखनासाठी द्या. हे काम जूनच्या पहिल्या आठवड्यातच उरका, कारण एकदा गणवेश आणि आधार अपडेटची कामं सुरू झाली की ती यादी ड्रॉवरमध्ये पडून राहते.